कोब्रा नक्की बांध, पण ६०० हॉर्सपॉवरची नको

वाचकाचं पत्र, थोडं काटछाट करून:

"काका, मला अरे-तुरेच करा. मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरात बाबांचं लेथचं वर्कशॉप होतं. आता कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. शाळेत असल्यापासून एकच वेड, शेल्बी कोब्रा, ती साठच्या दशकातली दोन सीटची स्पोर्ट्स गाडी. ओरिजिनल तर या जन्मात परवडणार नाही, म्हणून तिच्या नकलेच्या सुट्या भागांचं किट आणून घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बांधायचं ठरवलंय. ४२७ क्युबिक इंचाचं एक इंजिन बघून ठेवलंय, ६०० हॉर्सपॉवरचं. बायको म्हणते पैसे जातील, वीकेंड जातील आणि एक दिवस तूही जाशील. मुलगा ९ वर्षांचा आहे, तो आत्तापासून शेजारच्या सीटवर बसायची स्वप्नं बघतोय. बाबा पुढच्या वर्षी सहा महिने राहायला येतायत. करू का नको? बायकोला कसं पटवू? आणि नंतर कधी गाडी कोल्हापूरला नेता येईल का?"

अरे, कर की. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. घरी बांधून रस्त्यावर आणलेल्या रिप्लिका गाड्यांमध्ये कोब्राइतकी दुसरी कुठलीच नसेल, सुटे पार्ट मिळतात, माहिती मिळते, आणि हाताने काम करणाऱ्या बापाचा तू पोरगा आहेस. पण ते ६०० चं इंजिन मात्र आजच्या आज डोक्यातून काढ. बाकीचं सगळं मी सांगेन ते तू नाही ऐकलंस तरी चालेल, हे ऐक.

आता का ते सांगतो, नुसतं "डेंजर असतं" म्हणून तुझ्यासारख्या इंजिनिअरला पटणार नाही हे मला माहितीये.

तुझी गाडी तयार होईल तेव्हा तिचं वजन १०५० किलोच्या आसपास असेल, तू बसल्यावर साडेअकराशे धर. म्हणजे रिकामी गाडी आपल्याकडच्या स्विफ्टपेक्षा शे-दीडशे किलोच जास्त, आणि स्विफ्टला ८०-९० हॉर्सपॉवर असते. चाकं रस्त्याला किती जोराने ढकलू शकतात हे ठरतं मागच्या दोन टायरवर किती वजन आहे आणि रबर किती पकडतंय यावर, इंजिन किती मोठं आहे याचा तिथे काही संबंध नाही. मागच्या चाकांवर उभ्या गाडीचं सहाशे किलोच्या वरचं वजन, अॅक्सिलरेटर दाबल्यावर मागे सरकणारं वजन धरून साडेसातशे म्हण. चांगलं गरम टायर आणि कोरडा रस्ता असेल तर जवळपास तेवढाच जोर रस्त्याला देता येतो. आता गणित कर: ताशी १०० किलोमीटरला तेवढा जोर लावायला चाकापाशी २७०-२८० हॉर्सपॉवर लागते, ताशी ६० ला तर १६५ च्या आसपास. त्याच्यावर जे काही आहे ते टायर जाळतं आणि गाडीचा मागचा भाग बाजूला फेकतं. म्हणजे शहरात, सिग्नलवरून निघताना, फ्रीवेच्या रॅम्पवर, जिथे तू खरंच ही गाडी चालवणार आहेस तिथे तुझी ६०० मधली निम्म्याहून जास्त पॉवर कामालाच येणार नाहीये, फक्त पाय थोडा जास्त पडायची वाट बघत बसणार आहे.

आणि हे कोरड्या रस्त्याचं बोलतोय. जानेवारीत सकाळी फ्रीमॉन्टला ५-७ डिग्री असतं, या गाड्यांना लावतात ते चिकट समर टायर त्या तापमानाला कडक होतात. त्यात या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, फक्त ९० इंच, मागचा भाग सुटला की सावरायला वेळच मिळत नाही. एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, एअरबॅग नाही. तुझ्या रोजच्या गाडीत जे काम कॉम्प्युटर गुपचूप करतो ते सगळं तुझ्या उजव्या पायावर आलं.

इतिहासही हेच सांगतो बघ. कॅरोल शेल्बी या अमेरिकन रेसरने १९६२ मध्ये इंग्लंडातल्या थेम्स डिटनच्या एसी कंपनीच्या 'एस' (Ace) नावाच्या गाडीत फोर्डचं २६० क्युबिक इंचाचं व्ही८ बसवलं, म्हणजे सव्वाचार लिटरचं, मग २८९ आलं. ४२७, सात लिटरचं, बसवायची वेळ आली तेव्हा नुसतं इंजिन टाकून भागलं नाही, अख्खी चासी नवीन करावी लागली, मुख्य नळ्या ३ इंचाच्या ४ इंच झाल्या, पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या. आणि १९६५ ची जीटी गाड्यांची वर्ल्ड चॅम्पियनशिप ज्यांनी फेरारीकडून हिसकावून घेतली त्या शेल्बीच्या डेटोना कूप नावाच्या कोब्रांना कुठलं इंजिन होतं? २८९. ज्या गाडीचं पोस्टर तू भिंतीवर लावलंस ती ४२७ असेल, पण कप घरी आणला तो लहान इंजिनाने.

म्हणून माझा सल्ला: एक तर फोर्डच्या जुन्या ३०२ क्युबिक इंचाच्या इंजिनावर आधारलेलं, ३५० हॉर्सपॉवरच्या आतबाहेरचं इंजिन घे, नाहीतर फोर्डचं ५ लिटरचं कोयोट. कोयोट मस्टँगमध्ये येतं, व्हर्जनप्रमाणे ४१२ ते ५०० हॉर्सपॉवर, फ्युएल इंजेक्शन, रोज सकाळी चावी फिरवली की सुरू. दोन्ही बाजूंना डबल कॅमशाफ्ट असल्यामुळे ते अंगाने रुंद आहे, स्टिअरिंगचा शाफ्ट आणि एक्झॉस्ट बसवताना जागा कमी पडते, हे आधी माहीत असू दे. गिअरबॉक्स ट्रेमेक कंपनीचा टीकेएक्स घे, ६०० फूट-पौंड टॉर्कचं रेटिंग आहे, त्याच्याकडे पुन्हा बघावं लागणार नाही. मला विचारशील तर ३५० वालं घे. कोयोटसुद्धा मी जड मनाने म्हणतोय, वरचं गणित त्यालाही लागू आहे, चाकापाशी साडेतीनशेच्या पुढे जातंच ते. फक्त त्याची पॉवर वरच्या आरपीएमला येते, खालून एकदम धक्का देत नाही, म्हणून शिकता शिकता सांभाळता येतं.

इंजिनाचे जे पैसे वाचतील ते ब्रेक आणि टायरमध्ये घाल. इथे जरा थांबून बोलतो, कारण या कामात लोक इंजिनाचे फोटो काढत बसतात आणि ब्रेकचे पाईप शेवटी घाईत करतात.

ब्रेकचा पाईप ३/१६ इंचाचा असतो. स्टेनलेस दिसायला भारी पण वाकवायला आणि फ्लेअर करायला, म्हणजे तोंड पसरवायला, फार हट्टी, तू निकेल-कॉपरचा घे, हाताने वळतो आणि गंजत नाही. ट्यूब कटरने हळूहळू फिरवत काप, करवतीने नको. आतली बाहेरची धार साफ कर, आत एक कण राहता कामा नये. मग फ्लेअरचा नट आधी पाईपमध्ये सरकव आणि मगच टूल लाव. डबल फ्लेअरमध्ये पाईपचं तोंड आधी फुगतं आणि मग आत दुमडतं, तयार झालं की उजेडात धरून बघ: कडा सगळीकडून सारखी हवी, एका बाजूला जाड एका बाजूला पातळ नको, केसाएवढीसुद्धा चीर नको. जरा शंका आली तर काप आणि परत कर, पाईप स्वस्त आहे. आणि एक महत्त्वाचं, गाड्यांच्या नेहमीच्या फिटिंगचा कोन ४५ डिग्री असतो, रेसिंगच्या एएन फिटिंगचा ३७. दोन्ही हाताला सारखेच वाटतात, कधीकधी आटेही जुळतात, पण एकमेकांत बसवले की नीट सील होत नाहीत. प्रत्येक फिटिंग कुठलं आहे ते बॉक्सवर लिहून ठेव. या जोडाला टेफ्लॉन टेप लावायचा नसतो, धातूवर धातू बसूनच सील होतं. सगळं जोडून हवा काढून झाली की कोणालातरी पेडल जोरात दाबून धरायला सांग आणि प्रत्येक जोडाखाली पांढरा टिश्यू पेपर फिरव. रात्रभर खाली कागद ठेवून सकाळी परत बघ.

पुढच्या-मागच्या ब्रेकला वेगळे मास्टर सिलिंडर आणि मध्ये बॅलन्स बार (दोघांत जोर वाटून देणारा दांडा) असेल तर तो असा सेट कर की जोरात ब्रेक मारल्यावर पुढची चाकं आधी लॉक होतील. मागची आधी लॉक झाली तर गाडी जागच्या जागी फिरते. हे रिकाम्या पार्किंगमध्ये, कमी स्पीडला, हेल्मेट घालून तपासायचं, गल्लीत नाही.

टायर नवीन घे आणि घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाच, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. या गाड्या वर्षाला थोड्याच चालतात, त्यामुळे नक्षी दहा वर्षं नवीन दिसते आणि रबर मात्र मेलेलं असतं. सहा वर्षं झाली की बदल, कितीही नवीन दिसू दे.

गॅरेजबद्दल तीन गोष्टी, कारण घर त्याच्याच वर आणि शेजारी आहे. तुमच्याकडे बहुतेक गॅरेजात गॅसचा वॉटर हीटर असतो, आणि तो जमिनीपासून १८ इंच वर ठेवायचा नियम आहे तो उगीच नाही, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, फरशीवरून पसरत जाते आणि ज्योत शोधते. फ्युएल लाईनचं काम असेल त्या दिवशी हीटर बंद, शटर पूर्ण उघडं, हाताशी आग विझवायचा सिलिंडर. इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोलचं प्रेशर ५५ पीएसआयच्या आसपास असतं, कार्ब्युरेटरला ५-७ पुरतं, त्यामुळे साधा रबरी होज आणि साधी क्लिप तिथे चालत नाही, इंजेक्शनसाठीचाच होज आणि त्याचीच क्लॅम्प वापर. दुसरं, इंजिन चालू असताना शटर कधीच खाली नको, "दोन मिनिटं तर चालवायचंय" म्हणूनसुद्धा नको, घराला लागून गॅरेज आहे, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. तिसरं, हेवर्ड फॉल्ट ही भूकंपाची भेग फ्रीमॉन्टमधूनच जाते. रुंद बुडाचे जॅक स्टँड घे, काम संपलं की गाडी खाली उतरव, आणि वर ठेवावीच लागली तर चासीखाली लाकडी ठोकळे किंवा काढलेली चाकं सरकवून ठेव. भूकंप सांगून येत नाही आणि मुलगा गॅरेजमध्ये ये-जा करणार आहे.

किट फॅक्टरी फाइव्हचं घेणार असशील असं धरतो, मॅसॅच्युसेट्समधल्या वेअरहॅमची कंपनी, १९९५ पासूनची. चासीवर बॉडी ठेवलेली आणि सोबत खोक्यांची रास अशी गाडी ट्रकमधून उतरते. पहिला वीकेंड एकही नट न फिरवता फक्त खोकी मोजण्यात घालव, यादीशी ताडून बघ, काय आलं नाही ते लगेच कळव, नाहीतर तीन महिन्यांनी एका ब्रॅकेटसाठी सगळं अडून राहील. बॉडी उतरवून लाकडी घोडीवर ठेवावी लागते आणि ती गॅरेजची अर्धी जागा खाते, म्हणजे बायकोची गाडी बाहेर. हे तिला आधी सांग, त्या दिवशी नको. मग अॅल्युमिनियमचे पत्रे मार्क करून ड्रिल करणं, सस्पेन्शन, मागचा अॅक्सल, स्टिअरिंग, ब्रेक, फ्युएल, इंजिन, वायरिंग, याच क्रमाने साधारण जातं. प्रत्येक बोल्टला टॉर्क रेंचने टॉर्क दिला की पेंटच्या पेनने बोल्टवरून नटवर एक रेघ ओढ, रेघ नाही म्हणजे काम झालेलं नाही. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरलाय, गाडीखाली झोपून टॉर्चने अख्खी गाडी पाच मिनिटांत तपासून होते. पहिल्या शंभर मैलांनंतर हे परत करायचं.

बॉडी चढवायच्या आधी नुसत्या सांगाड्यावर गाडी थोडी चालवून बघतात, त्याला गो-कार्ट स्टेज म्हणतात. ती चुकवू नकोस. गळती, आवाज, क्लच, ब्रेक, जे काही असेल ते तेव्हा उघड्यावर दिसतं आणि हात पोचतो. नंतर पेंट झाल्यावर तिथे पोचायचं म्हणजे रडायची वेळ येते. फक्त ती प्रायव्हेट जागेत कर, रजिस्ट्रेशन नसलेली गाडी आहे ती.

कागदपत्रांचं आत्तापासून बघ. कॅलिफोर्नियात एसबी १०० नावाचा कायदा आहे, त्याखाली डीएमव्ही, म्हणजे तिकडचं आरटीओ, दर कॅलेंडर वर्षाला अशा ५०० गाड्यांना नंबर देतं, त्यात तुझी बसली की बॉडी ज्या काळातल्या गाडीसारखी दिसते त्या वर्षाचे पोल्युशनचे नियम लागतात. मग स्मॉग रेफरीकडे धुराची तपासणी, गाडीच्या सेफ्टी तपासणीचा दाखला (आधी तो ब्रेक आणि लाईटचा असायचा), आणि हायवे पोलिसांकडून चासी नंबराची तपासणी. अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच करायचा. पंधरा डॉलरच्या नट-बोल्टपासून इंजिनापर्यंत प्रत्येक पावती फाइलमध्ये, कारण सेल्स टॅक्स कुठे भरलाय ते विचारतात आणि किट कंपनीने दिलेला मूळ दाखला तर जिवापाड जप. कोणी दुसऱ्या राज्यातून १९६५ ची जुनी गाडी म्हणून कागद करून देतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नकोस, तो गुन्हा आहे आणि उद्या अॅक्सिडेंट झाला तर इन्शुरन्स हात वर करेल. इन्शुरन्स अॅग्रीड व्हॅल्यूचा घे, म्हणजे गाडीची किंमत आधीच कागदावर ठरलेली असते, आणि अर्धी बांधलेली असतानासुद्धा गॅरेजमधल्या सामानाला कव्हर आहे का ते घराच्या इन्शुरन्सवाल्याला लेखी विचार.

आता बायको. मी तुझ्या बाजूने तिला पटवणार नाही, कारण तिचं तिन्ही बाबतीत बरोबर आहे. पैसे जाणार आहेत: किट, इंजिन, गिअरबॉक्स, चाकं-टायर, हत्यारं, पेंट असं सगळं धरून पन्नास ते सत्तर हजार डॉलर मनात धर, आणि त्यात पेंट हा आकडा लोक नेहमी विसरतात, फायबरची बॉडी घासून सरळ करणं हेच सगळ्यात महागडं काम आहे. वीकेंड जाणार आहेत, नोकरी सांभाळून करतोस म्हणजे दोन वर्षं धर. तू "वीस हजारांत होतं गं" असं सांगून सुरुवात केलीस ना, तर दर महिन्याला एक नवीन भांडण विकत घेशील आणि ते भांडण गाडीबद्दल नसेल, खोटं बोलण्याबद्दल असेल. त्यापेक्षा पूर्ण आकडा कागदावर लिही, पैसे वेगळ्या खात्यात जमल्यावरच पुढचा पार्ट मागवायचा असं ठरव, मुलांच्या शिक्षणाच्या आणि घराच्या हप्त्याच्या पैशाला हात नाही हे तिच्यासमोर ठरव. आठवड्यातला एक दिवस गॅरेज बंद. तुझं टर्म इन्शुरन्स किती आहे ते तिला दाखव. आणि "एक दिवस तूही जाशील" हे जे ती म्हणाली त्याला हसून उडवू नकोस, त्याला उत्तर दे: इंजिन ६०० वरून ३५० वर आणलं, हेल्मेटच्या वर जाईल असा रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी नळीची कमान), दोन्ही सीटना हार्नेस (रेसिंगचे खांद्या-कमरेचे पट्टे), आणि गाडी चालवायच्या आधी ट्रॅकवर इन्स्ट्रक्टरसोबत दोन-तीन दिवसांचं ट्रेनिंग. हे ऐकून ती नाही म्हणाली तर तिचं नाही म्हणजे नाहीच, पण मला वाटत नाही ती म्हणेल.

हार्नेसबद्दल एक गोष्ट, ही कुठल्याही दुकानदाराने सांगितली नाही तरी लक्षात ठेव. खांद्यावरचे पट्टे मागे जवळपास आडवे गेले पाहिजेत. ते खाली, सीटच्या मागे फरशीला बांधले तर टक्कर झाल्यावर माणसाला खाली ओढतात आणि मणक्यावर मार बसतो. रोल बारला त्या उंचीवर आडवी नळी असेल असाच घे.

गाडी कोल्हापूरला न्यायचं मात्र मनातून काढ. वापरलेली गाडी भारतात आणायला ती उजव्या हाताच्या स्टिअरिंगची आणि तीन वर्षांच्या आतली असावी लागते, तुझी डाव्या हाताची, पहिल्याच अटीत बसत नाही. तिकडेच बांधायचं म्हटलं तरी मोटार व्हेईकल्स अॅक्टचं कलम ५२ आणि टाईप अप्रूव्हल (मॉडेलला लागणारी सरकारी मंजुरी) आडवं येतं, घरी बांधलेली गाडी आरटीओ पास करत नाही.

त्यापेक्षा बाबा येतायत तेव्हाचं काम आत्ताच आखून ठेव. ज्या माणसाने आयुष्यभर लेथवर हात चालवलाय त्याला नुसतं खुर्चीवर बसवून फोटो दाखवू नकोस. मागच्या अॅक्सलचा कोन, ब्रॅकेटची जुळवाजुळव, एखादा बुश घट्ट बसतोय का सैल, हे त्यांच्या बोटांना तुझ्या डिजिटल मापापेक्षा आधी कळेल. आणि तू केलेला ब्रेकचा प्रत्येक जोड त्यांना तपासायला दे, स्वतःचं काम स्वतःच तपासलं की डोळा चुकतो, दुसरा माणूस हवाच. गाडीखाली मात्र त्यांना झोपायला लावू नकोस, या वयात.

मुलाला पण काम दे. खोक्यातले पार्ट यादीशी ताडणं, पेंटच्या पेनची रेघ ओढणं, पत्र्यांना रिव्हेट मारणं, हे नऊ वर्षांच्या पोराला जमतं, डोळ्यावर चष्मा आणि कानाला मफ घालून. पेट्रोल, ग्राइंडर आणि इंजिन स्टार्ट करताना तो घरात. शेजारच्या सीटचं त्याला आत्ताच खरं सांग, मोठ्या माणसाच्या मापाचा हार्नेस त्याच्या खांद्यावर नीट बसेपर्यंत नाही, म्हणजे अजून काही वर्षं. आणि कुठल्याही गाडीच्या जत्रेला घेऊन गेलास तर त्याला फुल पँट घाल, या गाड्यांचे सायलेन्सर दाराखालून बाहेरच्या बाजूने जातात आणि उतरताना पोटरी लागली की फोड येतो, बंद करून अर्धा तास झाला तरी.